सामाजिक उद्देश जपणारी मालकी

संस्थापक गेले, भांडवल वाढले किंवा विक्रीसाठी घसघशीत किंमत चालून आली, तरी व्यवसायाचा मूळ सामाजिक उद्देश टिकावा म्हणून केलेली मालकीहक्कांची मांडणी. मत कोणाला, नफा कोणाला आणि संस्था विकण्याचा अधिकार कोणाला, हे तीन प्रश्न ती संस्थेच्या घटनेत किंवा पोटनियमांत सोडवून ठेवते. संस्थापकाची सचोटी कितीही मोठी असली, तरी ती वारसाहक्काने मिळत नाही. म्हणून हे लेखी लागते.

जर्मनीत कार्ल झाइस या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीचे भागीदार एर्न्स्ट आबे यांनी १८८९ मध्ये कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुढे कंपनीची मालकी या प्रतिष्ठानाकडे सोपवली. टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग (शेअर) धर्मादाय न्यासांकडे (ट्रस्टकडे) आहेत. न्यासाच्या मालकीने नफ्याला वळण लागते, पण कामगाराला मत मिळतेच असे नाही. ते सहकारात मिळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार भाग कितीही असोत, सभासदाला एकच मत. लाभांशही १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनीला तर लाभांश वाटण्यासच मनाई आहे.

पुण्यातले सर्वांत बोलके उदाहरण ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे. तिच्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना होती. घरोघरचा कचरा गोळा करणे सक्तीचे झाल्यावर हे काम ठेकेदारांकडे जाईल आणि कुंड्यांवर पोट असलेल्या बायका उघड्यावर पडतील, अशी रास्त भीती होती. म्हणून कचरावेचकांनी स्वतःचीच संस्था काढली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. ढकलगाडी घेऊन सोसायटीत येणारी ताई इथे ठेकेदाराची मजूर नसून संस्थेची सभासद असते. ती घरटी शुल्क गोळा करते, ओला-सुका वेगळा करते, आणि सुक्यातल्या पुठ्ठा-प्लास्टिकचे भंगारवाल्याकडून येणारे पैसे तिचेच असतात. हमाल पंचायतीचे ‘कष्टाची भाकर’ हेही याच घडणीतले: १९७४ पासून स्वस्त जेवण देणारा हा उपक्रम कष्टकऱ्यांच्या संघटनेचा आहे, कोणा एका मालकाचा नाही.

मालकीने सगळेच साधत नाही, हेही ‘स्वच्छ’मध्येच दिसते. संस्था सभासदांची असली, तरी शहरात काम करण्याची मुभा महापालिकेच्या मुदतबंद करारातून येते. दर मुदतीला नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे पोटनियम नव्हे, संघटनेची ताकद कामी येते.