मॅनिफोल्डमध्ये तेल दिसलं म्हणजे रिंगा गेल्या?

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करण्यासाठी एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि बोटाला काळं तेल लागलं, की निदान बहुधा तिथल्या तिथे होतं: 'रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल.' एवढ्यावरून धडधाकट इंजिनंसुद्धा खोलली जातात. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, झिजल्या की इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत, तेल येतं हे खरं, पण ते अनेक कारणांपैकी एक कारण आहे आणि ते सर्वांत शेवटी तपासायचं असतं. तेलाची वाफ मॅनिफोल्डपर्यंत नेणारी एक वाट आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनात मुद्दाम ठेवलेली असते.

तेल आपल्या पायांनी वर चढत नाही, त्याला हवा नेते. म्हणून तेल नेमकं कुठे साचलंय ते बघायचं आणि तिथे हवा कुठून आली असेल ते शोधायचं. सगळं निदान या एका प्रश्नाभोवती फिरतं.

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा पूर्ण लोडवर आतला दाब बाहेरच्या हवेच्या ५० पट किंवा त्याहूनही जास्त होतो. पिस्टनच्या रिंगांना टोकांपाशी बारीक फट असतेच, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. त्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनांखालच्या तेलाच्या पोकळीत, निसटतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतो. त्यात न जळलेलं इंधन असतं आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! खाली क्रँकशाफ्ट तेल घुसळत असतो, त्यामुळे या वायूत तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर दाब वाढून ऑइल सील गळायला लागतात.

पूर्वी यासाठी गाडीखाली एक उघडा पाइप सोडलेला असे. गाडी धावली की वाऱ्याने त्यातून वायू ओढला जाई, आणि उभी राहिली की तो आतच कोंडे. धूर हवेत, तेल रस्त्यावर. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याच्या प्रश्नामुळे तिथे १९६१च्या मॉडेलपासून हा वायू पुन्हा इंजिनातच जाळायची सोय आली, आणि १९६४पर्यंत ती अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत पोचली. तिचा आत्मा म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह, क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डमध्ये सोडणारी झडप. अंगठ्याएवढा, स्वस्त, आणि माझ्या मते अख्ख्या इंजिनातला सर्वांत हुशार सुटा भाग. त्यात एकही तार नसते.

त्याच्यापुढची अडचण अशी. गाडी आयडलिंगवर असते तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब ३०-४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेर तो १०० असतो. म्हणजे ओढ प्रचंड, पण त्या वेळी ब्लो-बाय अगदी थोडा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की उलटं: ब्लो-बाय भरपूर, पण थ्रॉटल सताड उघडा असल्याने मॅनिफोल्डची ओढ जवळपास शून्य. साधं भोक ठेवलं असतं तर आयडलिंगला गरजेपेक्षा जास्त हवा आणि तिच्याबरोबर तेल ओढलं गेलं असतं.

व्हॉल्व्हमध्ये एक निमुळता दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. ओढ जोरात असली की दट्ट्या मॅनिफोल्डच्या बाजूला खेचला जातो आणि स्वतःच वाट अरुंद करतो. ओढ मध्यम झाली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, तो अधांतरी तरंगतो आणि वाट सर्वांत मोकळी होते. रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना नेमकी हीच गरज असते. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाला, म्हणजे इंधन उलट तिथेच पेटलं, तर दट्ट्या उलट्या बाजूला आपटून वाट बंद करतो, म्हणजे ज्वाळा तेलाच्या वाफेपर्यंत पोचत नाही. पूर्ण लोडवर जो वायू व्हॉल्व्हला झेपत नाही, तो दुसऱ्या पाइपने, म्हणजे ब्रीदरने, थ्रॉटलच्या अलीकडे एअर फिल्टरच्या पाइपात जातो. एरवी याच ब्रीदरमधून ताजी हवा क्रँककेसमध्ये येत असते. एकच पाइप, पण वारा दोन्ही दिशांना.

व्हॉल्व्हच्या आधी टॅपेट कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात, वळणावळणाची वाट असते, तोच तेलाचा विभाजक. वायू वळतो, जड थेंब वळू शकत नाहीत, भिंतीवर आपटून खाली ओघळतात. थेंबाची सरळ जात राहण्याची ओढ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: १० मायक्रॉनचा थेंब १ मायक्रॉनच्या थेंबापेक्षा १०० पट दूरवर सरळ जातो. म्हणून मोठे थेंब अडतात आणि अतिसूक्ष्म तुषार निसटतो. मॅनिफोल्डमधला पातळ तेलकट थर या तुषाराचा असतो. तो दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता निदान. थ्रॉटलच्या अलीकडचा पाइप कोरडा आणि पलीकडे तेलाचं डबकं असेल, तर पीसीव्ही उघडा अडकला आहे, विभाजकातून तेल परत खाली जायची वाट तुंबली आहे, किंवा तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय. व्हॉल्व्ह काढून हलवा. दट्ट्या खुळखुळला पाहिजे. (काही इंजिनांत व्हॉल्व्हऐवजी रबरी पडदा असतो. तो फाटला तर शिट्टीसारखा आवाज येतो.) याउलट अलीकडचा पाइप आणि एअर फिल्टरचा डबा तेलाने भिजला असेल, तर वायू ब्रीदरने उलटा येतोय. मग एकतर पीसीव्ही तुंबला आहे, नाहीतर ब्लो-बाय खरोखरच वाढला आहे. आयडलिंगवर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट धरलं तर ओढ जाणवते. जाणवली नाही तर व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप बंद आहे. ओढ नीट असेल, तर मात्र लीक-डाउन टेस्ट करावी: सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि तेल भरायच्या तोंडाशी कान लावायचा. तिथे जोरात फुसफुस ऐकू आली तर रिंगांवरचा आरोप सिद्ध.

तेलात ओतायच्या 'रिंगा दुरुस्त करणाऱ्या' बाटल्यांवर विश्वास ठेवू नका. काजळीने अडकलेली रिंग एखाद्या चांगल्या क्लीनरने सुटू शकते, पण झिजलेला धातू कुठल्याही द्रवाने परत येत नाही.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर आणखी एक उगम तपासावा लागतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला रबरी सील टिकत नाही. तिथे बारीक रिंगा आणि हवेचा दाब तेल अडवतात, आणि वापरलेलं तेल आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. ती उतरती वाट तुंबली, किंवा क्रँककेसचा दाब वाढला, की चांगल्या टर्बोतूनही तेल कॉम्प्रेसरकडे, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूला, येतं. टर्बो बदलण्याआधी तो पाइप आणि पीसीव्ही बघावा, नाहीतर नवा टर्बोही तसाच गळेल.

डिझेल इंजिनात हे तेल साधं राहत नाही. तिथे वेग इंधनाच्या मात्रेवर ठरतो, आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचलेलं तेल एकदम ओढलं गेलं तर तेच इंधन होतं. चावी बंद केली तरी इंजिन सुसाट धावत राहतं, कारण डिझेल तोडलं तरी तेल येतच असतं. हवा तोडल्याशिवाय ते थांबत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडला तर इंजिन कोंडून बंद पडू शकतं. इंटरकूलरच्या तळाशी वाटीभर तेल निघालं, तर कारण सापडेपर्यंत ती गाडी चालवू नये.