दोन रंग म्हणजे फेअर आइल नव्हे: पेंग्विनचं पोट कशात विणायचं?

विणलेल्या खेळण्यात दोन रंग दिसले की त्याला सरसकट ‘फेअर आइल’ म्हणणं आता थांबायला हवं. त्या नावावर विसंबून नवी विणणारी चुकीची पद्धत उचलते, पेंग्विनच्या पांढऱ्या पोटाशी अडते आणि अर्धवट खेळणं टोपलीत पडून राहतं.

फेअर आइल हे मुळात एका बेटाचं नाव. स्कॉटलंडमधल्या शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधल्या त्या बेटाच्या विणकामाच्या परंपरेत एका ओळीत दोनच रंग असतात. ज्याची पाळी नसेल तो धागा पाठीमागून आडवा जातो. रंग बदलण्याची दुसरी पद्धत म्हणजे इन्टार्सिया. तिच्यात पाठीमागून काही जात नाही. प्रत्येक रंगाच्या पट्ट्याला लोकरीची स्वतंत्र गुंडी. आर्गाइल मोज्यांवरचे शंकरपाळ्यासारखे चौकोन असेच विणतात.

इथवर सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो पुढे: पट्टा विणून झाल्यावर त्याचा धागा कुठे उरतो?

समजा, छत्तीस टाक्यांचं गोल, म्हणजे न उलटता नळीसारखं, विणकाम आहे आणि समोर बारा टाके पांढरे. ते सुलट विणले की पांढरा धागा पोटाच्या डाव्या कडेला राहतो. गोल विणताना तुम्ही पुढच्या फेरीत पोटाशी पुन्हा येता उजव्या कडेकडून, आणि धागा बारा टाके पलीकडे! दोन सुयांवर सपाट विणलं, तर परतीची उलट टाक्यांची ओळ डाव्या कडेकडूनच सुरू होते. धागा हाताशी तयार. म्हणून साधा इन्टार्सिया गोल विणता येत नाही. याउलट, फेअर आइलला गोल विणकामच मानवतं, कारण दोन्ही धागे पूर्ण फेरी सोबत फिरतात. पण या पेंग्विनमध्ये पांढरा धागा चोवीस काळ्या टाक्यांमागून ओढावा लागेल. ती लोकर वाया जाते आणि कापड आखडतं. एकटा मोठा ठिपका असेल तर इन्टार्सियात सपाट विणा आणि पाठीवर शिवण घाला. शिवण टाळण्याचा हट्ट मला मुळीच पटत नाही. अंगभर बारीक नक्षी असेल तर मात्र फेअर आइल, आणि गोलच.

दोन धाग्यांना एकमेकांत पीळ देण्याचंही असंच. इन्टार्सियात रंग बदलताना नवा धागा जुन्याखालून घ्यायलाच हवा, नाहीतर सांध्यावर भोक पडतं आणि त्यातून कापूस डोकावतो. फेअर आइलमध्ये दर टाक्याला पीळ घालायला शिकवतात ते चूक आहे. गुंड्या गुंततात आणि कापड ताठ होतं. मागचा धागा पाचेक टाक्यांपेक्षा लांब जात असेल तेव्हाच मध्ये अडकवा. तो ओढू नका. आधी उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्या, मग दुसरा रंग उचला; नाहीतर खेळण्याची कंबर आवळली जाते.

उरलेल्या लोकरीचे दोन-तीन मीटरचे तुकडे इन्टार्सियात खपतात. जाडी मात्र सारखी हवी. खरी लोकर आणि अॅक्रिलिक एकत्र नकोच: गरम पाण्यात एक आटते, दुसरं नाही. इन्टार्सियाचं कापड एकपदरी, तेव्हा सुई एक नंबर बारीक घ्या.

डोळे दोन्ही पद्धतींत विणू नका. खेळणं भरण्याआधी शिवणाच्या सुईने टाक्यावर टाका भरा. तान्ह्या बाळासाठी असेल तर मणी आणि बटणं नकोतच.