कलारसग्रहण की कलेचा इतिहास: दोन प्रारंभिक अभ्यासक्रमांतील फरक

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी दृश्यकला किंवा प्रयोगजीवी कलांतील एखादा विषय घेऊ पाहणाऱ्यांना अभ्यासक्रमांच्या यादीत ‘कलारसग्रहण’ आणि ‘कलेचा इतिहास’ ही दोन नावे बहुधा शेजारी शेजारी आढळतात. दोन्हींसाठी पूर्वतयारीची अट नसते, दोन्हींच्या वर्गात चित्रे, शिल्पे, वास्तू किंवा संगीतरचना समोर ठेवल्या जातात, आणि दोन्हींत विद्यार्थ्याला स्वतः चित्र काढावे किंवा वाद्य वाजवावे लागत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कामाचे पायाभूत वर्ग वेगळे असतात आणि त्यांच्याशी सहसा कोणाचा गोंधळ होत नाही. या साम्यामुळे रसग्रहण म्हणजे हलका विषय आणि इतिहास म्हणजे त्याचीच सनावळ्यांनी जड केलेली आवृत्ती, असा समज रूढ झाला आहे. माझ्या मते हा समज दोन्ही विषयांवर अन्याय करणारा आहे, कारण त्यांच्यातील खरा भेद काठिण्याचा नसून पुराव्याचा आहे. रसग्रहणाच्या वर्गात केलेल्या विधानाचा आधार कलाकृतीत, म्हणजे डोळ्यांसमोर किंवा कानांवर जे आहे त्यात, दाखवून द्यावा लागतो. इतिहासाच्या वर्गात तेवढ्याने भागत नाही. कलाकृतीबाहेरची कागदपत्रे, करार, पत्रे, मसुदे, समकालीन कलाकृती आणि घटना यांच्याशी ते विधान ताडून पाहावे लागते.

पाब्लो पिकासो यांचे ‘गेर्निका’ हे 1937 सालचे चित्र दोन्ही अभ्यासक्रमांत हमखास भेटते. रसग्रहणाच्या वर्गात पहिली काही मिनिटे चित्राचे नाव न सांगताही काम सुरू होऊ शकते. जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असा हा पट आहे. त्यासमोर उभे राहिल्यावर तो एका नजरेत मावत नाही, आणि नजर आडवी फिरवावीच लागते. रंग काळा, पांढरा आणि करड्याच्या छटांपुरता आवरलेला आहे. मध्यभागी एक मोठा, काहीसा मोडका त्रिकोण सगळ्या आकृत्यांना बांधून ठेवतो. डाव्या कडेला मृत मूल घेतलेली स्त्री, तिच्यावर बैल, मध्ये किंचाळणारा घोडा, उजवीकडे वर फेकलेले हात. विद्यार्थ्याने सांगायचे असते ते हे: रंग काढून घेतल्याने आकारांच्या धारा कशा तीक्ष्ण झाल्या, चेहरे एकाच वेळी समोरून आणि बाजूने दाखवल्याने वेदनेचा अनुभव कसा बदलतो, आणि जागेची खोली जवळजवळ नाहीशी केल्याने कोंडल्यासारखे का वाटते. ‘मला आवडले’ किंवा ‘अंगावर आले’ हे उत्तर येथे चालत नाही. अंगावर आले असेल तर ते कोणत्या रेषेमुळे, कोणत्या रचनेमुळे, हे बोट ठेवून दाखवणे हाच या अभ्यासक्रमाचा गाभा आहे, आणि तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कठीण आहे.

इतिहासाच्या वर्गात याच चित्राविषयी प्रश्न बदलतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी यादवी युद्धात सापडलेल्या स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पिकासो यांच्याकडे भित्तिचित्राची मागणी जानेवारी 1937 मध्येच केली होती, तर उत्तर स्पेनमधील गेर्निका या बास्क गावावर बॉम्बवर्षाव झाला तो 26 एप्रिल रोजी. म्हणजे मागणी आधीची आणि विषय नंतरचा; मधल्या महिन्यांत काय घडले आणि मे महिन्यात चित्र कसकसे पालटत गेले, याचा माग घ्यावा लागतो. सुदैवाने छायाचित्रकार डोरा मार यांनी काढलेली या चित्राच्या निरनिराळ्या टप्प्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे हा माग अंदाजावर सोडावा लागत नाही. पुढे स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांच्या 1814 च्या गोळीबाराच्या दृश्याशी तुलना येते. चित्र दीर्घकाळ न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात का राहिले आणि 1981 मध्येच स्पेनला का परतले, हेही विचारले जाते, कारण स्पेनमध्ये लोकशाही स्वातंत्र्ये पुन्हा प्रस्थापित होईपर्यंत ते तेथे जाऊ नये अशी चित्रकाराची भूमिका होती, आणि त्या काळात चित्राला येत गेलेले अर्थ हाही इतिहासाचाच भाग आहे. करड्या रंगांविषयी रसग्रहणाचा विद्यार्थी परिणाम सांगतो. इतिहासाचा विद्यार्थी ते रंग वृत्तपत्रांतील छायाचित्रांशी जोडू पाहतो आणि मग ती जोडणी कोणत्या पुराव्यावर टिकते, हे त्याला सिद्ध करावे लागते.

इतिहासाचा अभ्यासक्रम कालानुक्रमाने जातो आणि रसग्रहणाचा रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश, समतोल अशा घटकांनी जातो, हे बाहेरून दिसणारे वेगळेपण आहे. अनेक विद्यापीठांत इतिहासाचे दोन सत्रांत विभाजन होते: प्रागैतिहासिक काळापासून मध्ययुगापर्यंत एक, आणि प्रबोधनकाळापासून आजपर्यंत दुसरे. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या महाविद्यालयीन दर्जाच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ कला-इतिहासात 250 कलाकृतींची निश्चित यादीच दिलेली असते. अशा यादीमुळे विषय पाठांतराकडे झुकण्याचा धोका आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु चांगला शिक्षक यादी शिकवतानाच ती यादी कोणी आणि कशी तयार केली, हा प्रश्नही उभा करतो. मोठ्या स्त्री-चित्रकार इतिहासात का आढळत नाहीत, हा प्रश्न कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी 1971 मध्ये मांडला आणि उत्तर प्रतिभेत न शोधता प्रशिक्षणाच्या व्यवस्थेत शोधले. नग्न मानवी देह समोर ठेवून रेखाटन करण्याची संधी स्त्रियांना दीर्घकाळ नाकारली गेली होती, आणि त्या काळी मोठी ऐतिहासिक चित्रे त्या सरावाशिवाय शक्यच नव्हती. सतराव्या शतकातील इटालियन स्त्री-चित्रकार आर्तेमिझिया जेंतिलेस्की यांचे चित्र रसग्रहणाच्या वर्गात प्रकाश आणि देहांच्या ताणासाठी पाहिले जाईल. त्या इतका काळ यादीबाहेर का राहिल्या, हे विचारण्याची साधने मात्र इतिहासाकडेच आहेत.

या दोहोंमध्ये भिंत नाही, हेही सांगितले पाहिजे. कला-इतिहासकार हाइनरिख व्योल्फलिन यांनी 1915 मध्ये रेषाप्रधान आणि रंगप्रधान, बंदिस्त आणि मुक्त अशा पाच जोड्या मांडल्या, त्या आज रसग्रहणाच्या वर्गातही वापरल्या जातात. पण त्यांचा हेतू प्रबोधनकालीन आणि त्यानंतरच्या बरोक शैलींमधील स्थित्यंतर समजावण्याचा, म्हणजे ऐतिहासिक होता. दुसरे कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी 1939 मध्ये अर्थाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी काय दिसते, मग त्या दृश्याचा परंपरेत ठरलेला विषय कोणता, आणि शेवटी त्यामागची काळाची मनोभूमिका कोणती. पहिली पायरी दोन्ही अभ्यासक्रमांना समान आहे. दुसऱ्या पायरीपासून केवळ पाहणे अपुरे पडू लागते, कारण एका मेजाभोवती बसलेले तेरा पुरुष हे ख्रिस्ताचे अखेरचे भोजन आहे, हे ती कथा ठाऊक नसलेल्या डोळ्यांना कितीही निरखून कळणार नाही.

संगीत, नृत्य आणि नाट्य यांत हा भेद अधिक गुंतागुंतीचा होतो आणि, माझ्या दृष्टीने, अधिक रोचकही. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे वादकवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना, घ्या. संगीत-रसग्रहणात सुरुवातीच्या तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ स्वरांचा आकृतिबंध कान ओळखू लागतो, पहिल्या भागात तो कसा विस्तारतो आणि परततो हे ऐकले जाते, तिसऱ्या भागातून चौथ्यात न थांबता होणारा प्रवेश आणि सी मायनर या गंभीर स्वरमालेतून सी मेजर या उजळ स्वरमालेत झालेला उजेड अनुभवला जातो. चौथ्या भागातच ट्रॉम्बोन (पितळी वाद्य) आणि पिकोलो (छोटी, उंच स्वराची बासरी) प्रथम वाजतात, हेही कानानेच टिपायचे असते. संगीताचा इतिहास येथून पुढे जातो: 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात झालेल्या, सुमारे चार तास चाललेल्या कार्यक्रमात ती प्रथम वाजली, ट्रॉम्बोन तोवर मुख्यतः चर्चसंगीतात आणि ऑपेरात ऐकू येत असे, त्यामुळे सिंफनीत तो येणे हे त्या काळच्या श्रोत्यांना काय सुचवीत असेल, याचा विचार होतो. वर्गात वाजवलेले ध्वनिमुद्रण मात्र 1808 चे नाही. ते कोणा वादकवृंदाने त्या स्वरलिपीचे आपल्या परीने केलेले वाचन आहे. बेथोव्हेनने मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्रावर) आधारलेले लयनिर्देश 1817 मध्ये प्रसिद्ध केले आणि ते किती काटेकोरपणे पाळायचे यावर आजही एकमत नाही. त्यामुळे आपण रसग्रहण कशाचे करतो, रचनेचे की त्या एका सादरीकरणाचे, हा प्रश्न दोन्ही वर्गांत उभा राहतो. चित्रापुढे तो इतक्या तीव्रतेने येत नाही.

नृत्यात तर कधीकधी इतिहासाने आधी काम केल्याशिवाय रसग्रहणाला पाहायलाच काही उरत नाही. नर्तक वास्लाव निजिन्स्की यांनी संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या संगीतावर रचलेले ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ हे बॅले 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये प्रेक्षकांच्या गोंगाटात सादर झाले, मोजक्या प्रयोगांनंतर ते बंद पडले आणि नृत्यरचना विस्मृतीत गेली. संशोधक मिलिसंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी रेखाचित्रे, संगीताच्या प्रतींवरील टिपणे, वेशभूषा आणि आठवणी यांवरून ती पुन्हा उभी केली आणि 1987 मध्ये जॉफ्री बॅले या अमेरिकन नृत्यसंस्थेने ती सादर केली. नाट्यशास्त्रात वर्णिलेली 108 करणे, म्हणजे हात-पाय आणि देहाच्या एकत्रित नृत्य-हालचाली, तमिळनाडूतील चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांवर कोरलेली आहेत, तेथेही हाच पेच आहे: शिल्पात हालचालीचा एक क्षण दिसतो, आधीची आणि नंतरची गती ग्रंथ आणि परंपरा यांच्या आधारे अनुमानावी लागते. अशा पुनर्रचनेपुढे विद्यार्थ्याने जे अनुभवले त्यात मूळ कलाकृती किती आणि संशोधकाचा निर्णय किती, हे वेगळे करता येणे मला या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य वाटते.

प्रत्यक्ष निवड करताना नावावर विसंबू नये, कारण काही ठिकाणी रसग्रहण या नावाखाली कालानुक्रमिक इतिहासच शिकवला जातो. लेखनकार्याचे स्वरूप पाहिले की उलगडा होतो. संग्रहालयात किंवा मैफलीत जाऊन एकाच कलाकृतीचे सविस्तर वर्णन आणि विश्लेषण मागितले असेल, तर तो रसग्रहणाचा वर्ग आहे. परीक्षेत अनोळखी कलाकृती दाखवून तिचा काळ आणि प्रदेश कारणांसह ठरवायला सांगितले असेल, किंवा दोन शतकांतील दोन कलाकृतींमधला संबंध सिद्ध करायचा असेल, तर तो इतिहासाचा. ज्यांनी यापूर्वी कलाकृतीपुढे फारसा वेळ घालवलेला नाही त्यांनी आधी रसग्रहण घ्यावे असे मी सुचवीन, कारण नीट न पाहता शिकलेला इतिहास परीक्षेनंतर टिकत नाही. मात्र ज्यांना याच विषयात पुढे पदवी घ्यायची आहे त्यांनी विभागाची नियमावली आधी वाचावी: वरच्या वर्गांच्या प्रवेशासाठी बहुधा इतिहासाचे प्रारंभिक सत्र मोजले जाते, तर रसग्रहणाचे श्रेयांक अनेकदा केवळ सामान्य शिक्षणाच्या अटीपुरते धरले जातात.