चौदा मीटर हिम म्हणजे नक्की किती?

दादरच्या ज्या मंडळींबरोबर मी सह्याद्रीत भटकतो, त्यांच्यातल्या काहींना अलीकडे स्कीइंगचं वेड लागलंय. कुणी औलीला कोर्स करून आलं, कुणी गुलमर्गला. त्यामुळे परवा ग्रुपवर एका परदेशी मासिकातली उत्तम स्की रिसॉर्टांची क्रमवारी येऊन पडली, आणि मध्यरात्र उलटली तरी कुणी झोपेना. अमेरिकेच्या पूर्वेची यादी वेगळी, पश्चिमेची वेगळी, मग हिमालयाची का नाही? गुलमर्ग वर की औली? जेवण, लिफ्टची रांग, तिकिटाचे दर यांचे गुण एकत्र करायचे तरी कसे? शेवटी एका काकांनी निकाल दिला : "अरे, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आल्टा रिसॉर्टला वर्षाला चौदा मीटर बर्फ पडतो. आकडा आहे ना समोर? संपला विषय."

जेवणाचे गुण म्हणजे आवडनिवड आणि मीटर म्हणजे विज्ञान, असं आपण धरून चालतो. मला मात्र त्या यादीत सगळ्यात जास्त शंका येते ती या मीटरच्या रकान्याचीच.

पावसाचा मिलिमीटर सरळ असतो. सकाळी 20, दुपारी 30, की दिवसाचे झाले 50. मध्ये भांडं कितीदा रिकामं केलं याने बेरीज बदलत नाही. भांडं कुठे ठेवलंय याने मात्र बदलते, आणि हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिमी पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही. डोंगरावरही तोच घोळ : माथ्यावर मोजायचं की पायथ्याशी? जाहिरातीत कुठला आकडा जात असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पण हिमाची अडचण याहून खोल आहे. सेंटिमीटरमध्ये आपण हिमाची उंची मोजतो, आणि ताज्या हिमात बहुतेक जागा हवेची असते. किलोभर कुरमुरे आणि किलोभर शेंगदाणे एकाच डब्यात भरून पाहा, म्हणजे मुद्दा कळेल. घनमीटरला 100 किलो घनतेचं हिम असेल, तर 1 मिमी पाण्यातून 1 सेंमी थर तयार होतो. घनता 50 असेल तर तेवढ्याच पाण्यातून 2 सेंमी, आणि ओलं, जड हिम असेल तर जेमतेम अर्धा. म्हणजे आभाळातून उतरलेलं पाणी सारखंच असलं तरी एक रिसॉर्ट दुसऱ्याच्या चौपट हिम मिरवू शकतं.

ही घनता ठरते ढगात, स्फटिकाच्या आकारावरून. इथे जरा रेंगाळू या, कारण मला यातलं खरं आकर्षण याच भागाचं आहे.

1936 मध्ये होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी सशाच्या केसावर प्रयोगशाळेतला पहिला हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्प बदलत त्यांनी आकारांचा नकाशाच तयार केला. उणे 2 अंशांच्या आसपास चपट्या चकत्या मिळतात, उणे 5 ला सुया आणि पोकळ खांब, उणे 15 ला सहा फांद्यांचे ते प्रसिद्ध तारे. आणखी खाली गेलं की फांद्या जाऊन पुन्हा चकत्या आणि खांब.

उणे 15 मध्ये एवढं काय आहे? ढगातले बारीक थेंब शून्याखाली गेले म्हणून लगेच गोठत नाहीत. गोठायला सुरुवात करून देणारा योग्य कण मिळाला नाही, तर ते अतिशीत पाणी म्हणून तसेच तरंगत राहतात. आता पाण्यातल्या रेणूला बाहेर पडणं जितकं सोपं, तितकं बर्फातल्या रेणूला नाही, कारण तो जाळीत घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे उणे 15 अंशांना पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने काठोकाठ भरली असतानाचा बाष्पाचा दाब, सुमारे 1.91 हेक्टोपास्कल असतो, तर बर्फावरचा 1.65. थेंबांच्या हिशोबाने नुसती काठोकाठ भरलेली हवा बर्फाच्या हिशोबाने जवळपास 16 टक्के ओसंडत असते. उणे 5 ला ही तफावत फक्त 5 टक्क्यांच्या घरात. साहजिकच थेंब आटत जातात आणि त्यांचं बाष्प स्फटिकाकडे येतं.

हे बाष्प स्फटिकावर सगळीकडे सारखं बसत नाही. उणे 15 च्या सुमारास षटकोनी चकतीच्या कडा तिच्या सपाट पृष्ठांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. सहा कोपरे ताज्या बाष्पात थोडे पुढे डोकावलेले, म्हणून त्यांना जास्त बाष्प मिळतं. जास्त मिळालं की ते आणखी पुढे सरकतात, आणि तिथे आणखी मिळतं. कोपऱ्याची फांदी होते, फांदीला उपफांद्या फुटतात. उणे 5 ला मात्र पृष्ठंच वेगाने वाढून सुई तयार होते. तापमानाबरोबर ही अदलाबदल नेमकी का होते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. असे फांदीदार तारे खाली पडताना एकमेकांत अडकतात, हवा धरून ठेवतात आणि स्कीवाल्यांचं लाडकं भुसभुशीत 'पावडर' मिळतं. वाटेत अतिशीत थेंब स्फटिकावर चिकटून गोठले, किंवा वाऱ्याने फांद्या मोडल्या, की घनता वाढते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या जड हिमाला तिथले लोक 'सिएरा सिमेंट' म्हणतात.

युटाबद्दल एक लोककथा आहे : ग्रेट सॉल्ट लेकचं खारं पाणी हिम 'सुकवतं'. मीठ बाष्पाबरोबर वर चढत नाही, आणि त्या सरोवरामुळे पडणारं हिम आल्टाच्या हंगामातला लहानसा वाटा आहे. तरी माहितीपत्रकं ही कथा आवडीने सांगतात. त्याच राज्याने 'पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ हिम' असं ब्रीद गाड्यांच्या नंबरप्लेटवर मिरवलं, तेव्हा 'पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ खेळ' हे ब्रीद असलेल्या रिंगलिंग सर्कशीने दावा लावला (इंग्रजीत फरक फक्त 'स्नो' आणि 'शो' एवढाच). 1999 मध्ये सर्कस अपिलातही हरली. हिम खरंच सर्वश्रेष्ठ आहे का, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

आता जमिनीवर या. पडलेलं हिम पडल्या क्षणापासून बसायला लागतं. टोकदार जागेवरचं बर्फ सहज बाष्प होतं आणि खोबणीत जाऊन जमतं. फांद्या झिजून गोलसर कण उरतात, वरचं वजन त्यांना दाबतं. थेंबभरही न वितळता रात्रीचा 30 सेंमीचा थर दुपारी कमी भरतो. म्हणून हिम मोजायच्या पांढऱ्या फळीवरून दर तासाला थर झाडून बेरीज केली, तर दिवसातून एकदाच मोजलेल्यापेक्षा आकडा मोठा येतो. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. अमेरिकी हवामान खात्याचा नियम आहे की दिवसात चारपेक्षा जास्त वेळा फळी झाडू नये. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरने 1998-99 च्या हंगामात 28.96 मीटरचा विक्रम सांगितला, तेव्हा एका तज्ज्ञ समितीने आधी मोजण्याची पद्धत तपासली आणि मगच तो मान्य केला. आधीचा, माउंट रेनियरचा विक्रम होता सुमारे 28.5 मीटर. फरक दोन टक्क्यांहून कमी. फळी झाडायची वेळ बदलली तरी एवढा फरक पडू शकतो. मासिकात मात्र अशाच फरकावर कुणी पाचवं ठरतं आणि कुणी आठवं.

शिवाय सरासरी म्हणजे यंदाची हमी नव्हे. गुलमर्गचा गोंडोला (रोपवे) चार हजार मीटरच्या जवळ नेतो, पण जानेवारी 2024 मध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात हिम पाडणाऱ्या हवामान प्रणाली, रुसले आणि ऐन हंगामात खालचे उतार उघडे पडले होते. त्या महिन्यात तिकीट काढलेल्यांना सरासरी सांगून बघा.

आणि खोटंही चालतंच. डार्टमथ कॉलेजच्या झिनमन आणि झिट्झेवित्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलेल्या अभ्यासात रिसॉर्टांनी स्वतः जाहीर केलेलं ताजं हिम शनिवार-रविवारी 23 टक्क्यांनी जास्त निघालं. सरकारी नोंदींत असा कुठलाही साप्ताहिक चमत्कार नव्हता. नंतर एका फोन-अ‍ॅपवर स्कीवाले उतारावरूनच खरी परिस्थिती कळवू लागले आणि फुगवटा झपाट्याने उतरला. सर्वांत जास्त उतरला तो जिथे फोनला रेंज चांगली होती तिथे. गुलमर्गहून असंच काही कळवायचा विचार असेल, तर पोस्टपेड कार्ड घेऊन जा. महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही.