इंग्लंडमधील वारसा घर आश्रयार्थींच्या निवासासाठी : परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रे

इंग्लंडमधील जुने घर आश्रयार्थींच्या निवासासाठी द्यायचे असल्यास भाडेकरार करण्यापूर्वी ते घर राष्ट्रीय वारसा यादीत नोंदलेले आहे का, हे पाहावे. नोंद असल्यास संरक्षण केवळ दर्शनी भागाला नसते, तर आतील जिने, दारे, शेकोट्या आणि छताच्या कडेची नक्षी यांनाही असते. वास्तूचे वैशिष्ट्य बदलणारे काम स्थानिक कौन्सिलच्या लेखी संमतीशिवाय, म्हणजे वारसा संमतीशिवाय, करणे हा नोंदित वास्तूंविषयीच्या १९९० च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे.

बहुतेक अर्जांची खरी कसोटी दिवाणखान्यात लागते. मोठ्या खोलीच्या दोन करण्यासाठी मध्ये भिंत घातली, की छताची नक्षी आणि कधीकधी उंच खिडकीही दुभंगते. माझ्या मते अशी खोली अखंड ठेवून सर्वांच्या बैठकीसाठी द्यावी आणि निजण्याच्या खोल्या वरच्या मजल्यांवर घ्याव्यात. जुनी नक्षीदार दारे अग्निसुरक्षेला अपुरी पडतात, तेव्हा ती काढून टाकण्याआधी उष्णतेने फुगणारा रंग देऊन चालेल का, हे कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्यांना विचारावे.

वापराची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे. परस्परांशी नाते नसलेल्या तीन ते सहा जणांनी घर वाटून राहायचे असल्यास, सहसा वेगळा अर्ज लागत नाही; मात्र कौन्सिलने विशेष आदेशाने ही सवलत काढून घेतलेली नसावी. सहापेक्षा अधिक जण राहणार असतील, तर मात्र नियोजन परवानगी लागू शकते. एकाहून अधिक कुटुंबांतील पाच किंवा अधिक व्यक्ती स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामाईक वापरणार असतील, तर २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखालील परवाना आवश्यक असतो. त्यासाठी एका प्रौढाच्या निजण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीचे १०.२२ चौरस मीटर असावे लागते. दीड मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग यात धरला जात नाही, म्हणून उतरत्या छपराखालची माळ्यावरची खोली मोजूनच हिशेबात घ्यावी.

वारसा संमतीच्या अर्जासोबत मालकीचे प्रमाणपत्र, स्थळदर्शक नकाशा, सध्याची व प्रस्तावित रेखाचित्रे, रचना व प्रवेशाविषयीचे निवेदन आणि वारसा मूल्याचे निवेदन जोडावे. सहमालक असतील, तर त्यांना नोटीस द्यावी लागते. या संमतीला शुल्क नाही. नियोजन अर्जाचे आणि परवान्याचे शुल्क वेगळे. निर्णयाची मुदत साधारणतः आठ आठवडे असून नकाराविरुद्ध सहा महिन्यांत अपील करता येते.

रहिवासी निवडण्याचा अधिकार मालकाला नसतो. १९९९ च्या स्थलांतर व आश्रय कायद्याच्या कलम ९५ नुसार निराधार असलेल्या, किंवा १४ दिवसांत निराधार होण्याची शक्यता असलेल्या आश्रय-अर्जदाराला गृहखाते निवास देते. कोणत्या शहरात राहायचे, हे सहसा त्यालाही निवडता येत नाही. मालकाचा करार गृहखात्याने नेमलेल्या निवास-पुरवठादार कंपनीशी होतो, म्हणून दुरुस्तीची जबाबदारी आणि वारसा संमतीतील अटी त्या करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्यात.