भिंतीतला करंट तोच, मग चार्जिंग इथे हळू का?

"इथला करंटच कमी आहे, फोन चार्जच होत नाही." विमानतळावर, ग्रंथालयात, गाडीत, ऑफिसात हे वाक्य हमखास ऐकू येतं. एकच फोन एका ठिकाणी तासाभरात भरतो आणि दुसरीकडे तीन तास लावूनही अर्धाच राहतो, हा अनुभव खरा आहे. पण त्याचा दोष भिंतीतल्या विजेवर टाकला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं काहीतरी सापडेल. आत शिरलेल्या एसीचा (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचा) आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) होतो. मग एक ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बटण, तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चार्जरमधून बाहेर पडणारं व्होल्टेज जरा घसरलं की तो दर वेळी किंचित जास्त काळ चालू राहतो, वाढलं की कमी काळ. त्यामुळे भिंतीत २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तरी बाहेर पडणारे ५ व्होल्ट जवळजवळ तेवढेच राहतात.

वेग ठरतो तो चार्जर आणि फोन यांच्यात होणाऱ्या बोलणीत. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात सुंदर वाटते ती हीच गोष्ट, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू.

टाइप-सी चार्जरला केबल लावली, पण फोन जोडला नाही, तर वीज वाहून नेणाऱ्या तारेवर व्होल्टेज येतच नाही. चार्जर वाट पाहत असतो. प्लगमधल्या 'सीसी' नावाच्या बारीक संपर्कावरून तो अगदी किरकोळ प्रवाह सोडायला तयार असतो. फोनच्या आत त्याच संपर्काला ५.१ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडलेला असतो. फोन लागला की परिपथ पूर्ण होतो, पलीकडे कुणीतरी आहे हे चार्जरला कळतं आणि मगच तो ५ व्होल्ट सोडतो. हा किरकोळ प्रवाह म्हणजेच चार्जरचा पहिला निरोप. ८० मायक्रोअँपिअर म्हणजे 'साधा पुरवठा', १८० म्हणजे '१.५ अँपिअर घे', ३३० म्हणजे '३ अँपिअरपर्यंत चालेल'. ओहमचा नियम शाळेत शिकलेला आहेच, तेव्हा प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार करा: फोनला आपल्या रोधकावर अनुक्रमे सुमारे ०.४१, ०.९२ आणि १.६८ व्होल्ट दिसतात. तेवढ्यावरून तो किती प्रवाह ओढायचा ते ठरवतो.

दोघांनाही 'पॉवर डिलिव्हरी' ही पद्धत येत असेल तर त्याच सीसी तारेवरून पुढे खरेखुरे डिजिटल संदेश जातात. चार्जर यादी पाठवतो: ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५, २०, आणि प्रत्येकासोबत किती अँपिअर देता येतील ते. फोन त्यातला एक पर्याय मागतो, चार्जर 'मान्य' म्हणतो, व्होल्टेज चढवतो आणि 'तयार' असं कळवतो. प्रवाह ३ अँपिअरच्या वर न्यायचा असेल तर केबलमध्येही एक चिप लागते आणि चार्जर आधी तिच्याकडून खात्री करून घेतो. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही २० व्होल्ट आणि ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटवर थांबतो. २०२१ मध्ये या पद्धतीची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढवली गेली.

बोलणी फिसकटली तर मात्र दोघंही ५ व्होल्टवर येतात. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या भाषेत चालतं. परक्या चार्जरला ती कळत नाही आणि फोन मुकाट्याने हळू भरत राहतो. संगणकाच्या किंवा गाडीच्या जुन्या चौकोनी पोर्टचं तर विचारूच नका. साध्या यूएसबी २.० पोर्टचं प्रमाण ५०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम २.५ वॅट. वाटेतलं नुकसान धरलं तर सुमारे १९ वॅट-तासांची बॅटरी त्यावर भरायला आठ तासही पुरत नाहीत. सार्वजनिक ठिकाणच्या अनेक पोर्टच्या चार्जरमध्ये एकूण वीज सर्वांत वाटली जाते. शेजारच्याने फोन लावला की आपलं चार्जिंग क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतं ना? चार्जरने तेव्हा नवी, आखडलेली यादी पाठवलेली असू शकते.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. 'चार्जिंगचा वेग दुप्पट करा' म्हणणारी ॲप या कराराला हात लावू शकत नाहीत. फार तर ती पार्श्वभूमीतली कामं बंद करतात. फोनच्या पाठीवर चिकटवायचे 'ऊर्जा' स्टिकर तर शुद्ध फसवणूक आहेत. आणि मोठ्या वॅटचा चार्जर फोनमध्ये वीज कोंबतो ही भीतीही निराधार आहे. किती घ्यायचं ते फोन ठरवतो.

दुसरा गुन्हेगार केबल. एक मीटरच्या बारीक केबलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध जाऊन-येऊन ०.४ ओहमच्या आसपास असतो. त्यातून २ अँपिअर नेले तर वाटेतच ०.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि फोनपाशी ५ ऐवजी ४.२ व्होल्ट पोचतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण तेवढंच असतं, मग वीज आत जाणार कशी? फोनला ही घसरण दिसते आणि तो प्रवाह कमी करतो. वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणूनच ९ व्होल्टचा आग्रह. तेच १० वॅट ५ ऐवजी ९ व्होल्टवर पाठवले तर त्याच केबलमधलं नुकसान १.६ वॅटवरून अर्ध्या वॅटवर येतं.

राहिलं तापमान. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतं. बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तिची झीज वेगाने होते. त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत फोन स्वतःहून वेग कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतोच.

दोन जागांची तुलना करायची असेल तर चार्जर आणि केबल दोन्हीकडे आपलीच न्या आणि दोन्ही वेळा, समजा, २० टक्क्यांपासून सुरुवात करा. ८० टक्क्यांच्या आसपास फोन प्रवाह उतरवू लागतो, त्यामुळे बराचसा भरलेला फोन लावून जागेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एवढं करूनही फरक राहिला, तर त्या सॉकेटमधला सैल संपर्क तपासून घ्या.