पिग्मी मशीन घेण्याआधी: हातातल्या संगणकाची पार्श्वभूमी
पिग्मीचं, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्या एजंटाच्या हातातलं, जुनं मशीन काढून अँड्रॉइडवालं घ्यायचं ठरलं की पतसंस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, रॅम किती? दापोली-गुहागरकडच्या वाड्यांतून फिरणाऱ्या एजंटाच्या दृष्टीने तो प्रश्न फार नंतरचा आहे. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

रोज दारात जाऊन बचत गोळा करायची पिग्मी योजना याच किनाऱ्यावर, खाली उडुपीला, सिंडिकेट बँकेने 1928 साली सुरू केली. एजंटाच्या हाती संगणक आला तो खूप पुढे, पण त्याच्या कामाची पद्धत 1996 च्या पाम पायलट या खिशातल्या संगणकाची आठवण करून देते. 16 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, सुरुवातीच्या मॉडेलात 128 केबी मेमरी आणि दोन पेन्सिल सेल, एवढाच त्याचा संसार. नेटवर्क नव्हतंच. दिवसभर हातात वापरायचा आणि घरी येऊन स्टँडवर ठेवून बटण दाबायचं, की संगणकातल्या आणि यातल्या नोंदी जुळत. पिग्मी मशीनचंही तसंच. सकाळी शाखेत खात्यांच्या शिलका भरून घ्यायच्या, दारात खातेनंबर आणि रक्कम टाकून पावती फाडून द्यायची, संध्याकाळी सगळं शाखेत उतरवायचं. सड्यावर रेंज आहे आणि खाडीकाठच्या वाडीत नाही, याने वसुली अडत नाही.

त्या काळच्या यंत्रांची दुखरी बाजू होती मेमरी. पामचे सेल बदलायला जेमतेम मिनिटभर मिळायचं, उशीर झाला की नोंदी गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमवर चालणाऱ्या पॉकेट पीसीतही बॅटरी पूर्ण उतरली की तेच. त्याच सिस्टीमच्या 2005 च्या विंडोज मोबाइल 5 या आवृत्तीपासून माहिती बॅटरी उतरली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत राहू लागली, आणि मला ही सुधारणा कुठल्याही वेगवान प्रोसेसरपेक्षा मोठी वाटते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे आठवलं की कारण सांगावं लागत नाही.

अपग्रेडची गोष्ट 1998 च्या पाम थ्रीपासून धरता येते. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम बदलता येत होती. आपल्याकडे बेंगळुरूत घडलेल्या सिम्प्युटर या हातातल्या संगणकाने लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, भारतीय भाषा आणि स्मार्ट कार्ड एकत्र आणलं. 2004 मध्ये तो बाजारात आला, पण चालला नाही. अँड्रॉइडवर ऑगस्ट 2015 पासून दरमहा सुरक्षा अपडेट निघू लागली, तरी ती आपल्या मशीनपर्यंत पोचवायची की नाही हे मशीन बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार, हे कोटेशनमध्ये लेखी घ्या.

आयपी 67 या धूळ-पाण्यापासून बचावाच्या मानांकनावरही भिस्त ठेवू नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, त्याबद्दल ती काही सांगत नाही.

फोर-जी आल्यापासून मात्र अॅप बनवणारे रेंज कायम असणार असं धरून चालतात, आणि हे मला खरोखर खटकतं. विक्रेता डेमोला आला की मशीन फ्लाइट मोडवर टाका, पाच-दहा पावत्या फाडा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा, मग नेट जोडा. एकही पावती हरवली किंवा दोनदा चढली, तर ते मशीन परत पाठवा.